मोरसला गेलेला पूर्वज ऑनलाइन शोधताना आडनावामागे धावू नका, आधी नंबर बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं घर राजापूर तालुक्यातलं, घरात पूर्वीपासून सांगतात की खापरपणजोबांचा धाकटा भाऊ रामजी "मोरसला गेला तो परत आलाच नाही". आता मॉरिशसच्या एका गृहस्थांचा मेसेज आलाय की त्यांचा मूळपुरुष रत्नागिरीकडचा आणि त्याचं नावही रामजी. एका वंशावळीच्या साईटवर कुणीतरी केलेल्या झाडात हे दोन्ही रामजी एकच म्हणून जोडलेले आहेत. त्यांनी आजोबांच्या ट्रंकेतल्या एका कागदाचा फोटोही पाठवलाय, त्यावर वर एक सहा आकडी नंबर आहे आणि तो कसला ते तुम्हाला कळत नाहीये. तर हे झाड खरं मानायचं का, आणि त्या साईटची वर्षाची मेंबरशिप घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मेंबरशिप आत्ता घेऊ नका. झाड खरं मानू नका आणि खोटंही म्हणू नका, तूर्त बाजूला ठेवा. आणि तो सहा आकडी नंबर एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण तुमच्या हातात आत्ता जे काही आहे त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

मी गेली अठरा वर्षं हेच काम करतोय, बहुतेक कोकण आणि मॉरिशस या दोन टोकांमधलं. सुरुवातीला चुका केल्या, त्यातली एक पुढे सांगतो, म्हणजे तुमची तरी टळेल.

आधी मोरस या शब्दाचं. मॉरिशसला आपल्याकडे मोरस म्हणायचे आणि तिथून जी पांढरी साखर यायची तिलाही मोरसच म्हणायचे, जुन्या कोशांत हा शब्द सापडतो. म्हणजे घरात मोरस हा शब्द टिकून राहिला असेल तर गोष्टीत काहीतरी तथ्य आहे असं मी धरतो. पण त्यात एक खाच आहे. माझ्या अनुभवात काही घरांमध्ये बोटीवर गेलेला कुठलाही माणूस "मोरसला गेला" असाच सांगितला जायचा, मग तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेला असो की इंग्रजी बोटीवर खलाशी म्हणून लागलेला असो. रत्नागिरीच्या बंदरपट्टीतली किती माणसं खलाशी होती ते तुम्हाला माहितीच असेल. म्हणून शब्द मिळाला म्हणजे देश पक्का झाला असं नाही.

पक्कं करायचं तर पिढ्या मोजा. तुमचे आजोबा १९४० च्या आसपासचे धरले तर पणजोबा साधारण १९१०, खापरपणजोबा १८८०. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे फार तर १८८५ चा जन्म, म्हणजे तो गेला असेल १९०५ च्या सुमारास. आणि इथेच गाडी अडते. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर ठराविक मुदतीच्या करारावर मजूर जाण्याचा मोठा ओघ होता तो १८४० ते १८६० च्या दशकांतला. १८३४ साली नोव्हेंबरच्या २ तारखेला ॲटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोचलं तिथपासून ही पद्धत सुरू झाली असं धरतात, मग मजुरांच्या हालांवरून ओरड झाली, १८३८-३९ ला भरती बंद केली, १८४२ मध्ये सरकारी देखरेखीखाली परत सुरू केली आणि त्यानंतर मुंबईहून माणसं मोठ्या संख्येने जायला लागली. म्हणजे तुमचा माणूस करारावर गेला असेल तर बहुधा तो १८२० ते १८४५ मध्ये जन्मलेला असणार. तुमच्या घरच्या गोष्टीत एक-दोन पिढ्या गळल्या आहेत असं मला वाटतं. हे अगदी नेहमीचं आहे, तोंडी गोष्टीत माणूस नेहमी जवळ सरकतो, चार पिढ्यांपूर्वीचा भाऊ सांगता सांगता दोन पिढ्यांपूर्वीचा होतो. आजोबांना किंवा त्यांच्या बहिणीला विचारा की रामजी नक्की कुणाचा भाऊ असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, सुधारू नका. म्हाताऱ्या आत्याआजीला हे विचारायला उशीर करू नका एवढंच कळकळीने सांगतो, कागद शंभर वर्षं थांबतात, माणसं थांबत नाहीत.

बंदर कुठलं हे पण लक्षात ठेवा कारण त्यावरून अर्धे चुकीचे रस्ते आपोआप बंद होतात. नेटवर शोधायला बसलात की फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, नाताळ (आजच्या दक्षिण आफ्रिकेतला प्रांत) अशा सगळ्या ठिकाणचे रामजी समोर येतील. फिजी आणि वेस्ट इंडिजकडची जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटायची. नाताळला १८६० साली पहिलं जहाज ट्रूरो गेलं तेही मद्रासहून. सुरिनामची गोष्ट तर अशी की तिथे १८७३ ते १९१६ मध्ये आलेल्या चौतीस हजारांवर भारतीयांच्या नोंदी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट खुल्या केल्यात, इतकं सोपं काम दुसरीकडे कुठे नाही, पण ती माणसं उत्तर हिंदुस्थानातली, कलकत्त्याहून गेलेली. कोकणातल्या माणसाला तिथे शोधून तुमचा महिना फुकट जाईल. (केप टाऊनला रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं बरीच गेली, पण ती स्वतःच्या तिकिटाने गेलेली, त्यांचे कागद परवान्यांचे असतात, तो वेगळा विषय.) कोकणी माणूस, करार आणि १८४२ नंतरची वीस-पंचवीस वर्षं असं जुळलं की उत्तर जवळजवळ नेहमी मॉरिशस.

आता त्या नंबराकडे. पोर्ट लुईच्या बंदरावर त्रू फांफारों भागात इमिग्रेशन डेपो होता, आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारशात आहे. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक माणसाला तिथे एक नंबर मिळायचा. नंबर ओळीने चढत जायचे, दोन माणसांना एक नंबर नाही, आणि मुदत संपेपर्यंत, संपल्यावरही, त्याची ओळख त्या नंबराने. मळा बदलला, नावाचं स्पेलिंग बदललं, लग्न झालं, पोलिसांनी अडवलं, वारला, सगळीकडे तोच नंबर. नाव हे त्या काळी कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं, नंबर तसा नव्हता. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आडनावामागे धावू नका, नंबरामागे जा.

त्या रजिस्टरात काय असतं ते ऐकलंत तर तुमच्या अंगावर काटा येईल. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, पोचल्याची तारीख, आणि कुठल्या मळ्यावर कुणाकडे पाठवला ते. पुढे त्याच ओळीत कधी कधी मृत्यूची तारीख किंवा हिंदुस्थानात परत गेल्याची नोंद. सगळे रकाने सगळ्यांचे भरलेले नसतात, सुरुवातीच्या वर्षांत तर बरेच कोरे. पण "डाव्या भुवईवर व्रण" असं दीडशे वर्षांपूर्वीच्या शाईत वाचलं की मला आजही क्षणभर थांबावं लागतं. त्या माणसाबद्दल जगात एवढी एकच ओळ लिहिलेली असते बहुतेक वेळा. इकडे गावात त्याच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे इकडच्या कुठल्याच दप्तरात तो नाही, आहे तो तिथल्याच त्या एका ओळीत. १८६० च्या दशकापासून तर मजुरांचे फोटोही काढायला लागले, १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायची सक्ती केली. तुमच्या त्या गृहस्थांनी पाठवलेला कागद असंच तिकीट असावं असं वर्णनावरून वाटतं. कागदाच्या मागच्या बाजूचाही फोटो मागवा, माणसं पुढचीच बाजू पाठवतात.

ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृती यादीत घेतलं. आणि इथे बऱ्याच लोकांची निराशा होते म्हणून आधीच सांगतो, ही रजिस्टरं गुगलवर नाव टाकून उघडतील अशी अपेक्षा ठेवू नका, पैसे भरून घेतलेल्या साईटवरही त्यांची वाट बघू नका. वंशजाने आपले जन्माचे-लग्नाचे दाखले जोडून साखळी दाखवायची आणि मग उतारा मागायचा असा तो रस्ता आहे. म्हणजे अर्ज तुम्ही नाही, त्या मॉरिशसच्या गृहस्थांनी करायचाय. त्यांना तो करायला सांगा. त्यांच्याकडे आता त्यासाठी आणखी एक कारण पण असेल, मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपतींनी तिथे जाहीर केलं की सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) मिळू शकेल, त्यामुळे हे उतारे काढायला खूप कुटुंबं पुढे येतायत.

पण साखळी त्यांच्याकडून सुरू होऊन मागे जायला हवी, मूळपुरुषापासून पुढे नाही. हे मला वाटतं सगळ्यात जास्त लोक उलटं करतात. १८५० चा एक रामजी पकडतात आणि तिथून खाली उतरत आपल्यापर्यंत यायला बघतात. असे रामजी पन्नास असतात, त्यातला कुठला तरी जुळतोच. त्यापेक्षा जिवंत माणसाचा जन्मदाखला घ्या, त्यात आईबापाची नावं, मग आईबापाचा लग्नाचा दाखला, त्यात त्यांच्या आईबापाची, असं एकेक पायरी मागे. मॉरिशसची नागरी नोंदणी फ्रेंच वळणाची आहे, म्हणजे दाखल्यात मजकूर भरपूर असतो, आपल्या जुन्या जन्मनोंदीसारखा एका ओळीत संपत नाही. जुने दाखले फ्रेंचमध्ये असले तर घाबरू नका, साचा एकच असतो, दहा वाचले की अकरावा वाचता येतो. आणि नशीब चांगलं असेल तर बापाच्या नावापुढे त्याचा इमिग्रेशन नंबर लिहिलेला सापडतो, की तुम्ही पोचलात.

तिथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे आडनाव. आज मॉरिशसमध्ये जे आडनाव दिसतं ते बहुतेक वेळा मूळपुरुषाचं पाळण्यातलं नाव असतं. येसू नावाचा माणूस उतरला, त्याच्या मुलांचं आडनाव येसू, तेही कारकुनाने लिहिलं एस्सू. लक्ष्मणचं फ्रेंच वळणाने लक्सिमों झालं. कधी कधी तर पुढच्या पिढीत परत बदलतं, बापाचं नाव आडनाव म्हणून लागतं आणि आजोबाचं गळून जातं. त्यामुळे तुमच्या घरचं आजचं आडनाव तिथे शोधून काही मिळणार नाही, ते त्या माणसाने बहुधा कधी सांगितलंच नसेल, १८५० मध्ये कोकणातला कुळवाडी माणूस नाव विचारलं तर "रामजी, बापाचं नाव गोविंद" एवढंच सांगणार. आडनाव एक असणं हा पुरावा नाही आणि आडनाव वेगळं असणं ही अडचण नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी प्रत्येकजण पहिला प्रश्न आडनावाचाच विचारतो.

दुसरं लग्नाचं. आपल्या पद्धतीने मांडवात लागलेलं लग्न तिथल्या सरकारी नोंदीत लग्न धरलं जायचं नाही, वेगळी नोंद केली तरच. म्हणून कित्येक मुलं आईच्या नावावर नोंदलेली दिसतात, बापाचा रकाना रिकामा. वंशज हे बघून गप्प होतात, त्यांना वाटतं काहीतरी लपवण्यासारखं आहे आणि शोध तिथेच थांबवतात. लपवण्यासारखं काही नसतं हो, लग्न देवाब्राह्मणासमोर झालं होतं, सरकारी वहीत झालं नव्हतं एवढंच. अशा वेळी आईचा नंबर शोधा. बायकांनाही स्वतःचा नंबर असायचा, त्यांच्या बापाचं नाव, गाव, जहाज सगळं असायचं, आणि तिच्या नोंदीवरून नवरा सापडल्याची उदाहरणं माझ्याकडे कितीतरी आहेत. आपल्या वंशावळीत सुना नुसत्या "पत्नी" म्हणून लिहितात, तिथल्या रजिस्टराने त्यांचं नाव-गाव जपलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, एका कुटुंबासाठी मी गुहागरकडचं गाव काढून दिलं होतं. जहाज तेच, नाव तेच, वय एक वर्षाच्या फरकाने तेच, जिल्हा रत्नागिरी. मी जोडलं आणि सांगून टाकलं. ती माणसं तिकडून खर्च करून आली, गावात देवळात नारळ ठेवला, एका घरातल्या म्हाताऱ्या बाईने त्यांची दृष्ट काढली. दोन वर्षांनी त्यांना घरात जुना कागद मिळाला, त्यावरचा नंबर मी काढलेल्या माणसाचा नव्हताच, त्याच जहाजातल्या दुसऱ्याचा होता, बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं, पार मालवणकडचं. मला त्यांना फोन करून सांगावं लागलं. ती बाई तोवर वारली होती. ते कुटुंब मला एक शब्द वाईट बोललं नाही पण मला ते आजही लागतं. तेव्हापासून माझा नियम असा की नंबर नाहीतर बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय मी "हाच" असं म्हणत नाही. तुमच्या साईटवरच्या झाडात कुणीतरी नेमकं मी केलं तेच केलंय, नाव आणि जिल्हा जुळला की जोडलं. आणि अशा झाडाची दुसऱ्याने कॉपी केली, तिसऱ्याने दुसऱ्याची, की पाच झाडांत तेच दिसतं आणि वाटतं पाच जणांनी तपासलंय. तपासलेलं एकानेही नसतं.

गावाच्या नावाचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे मराठी माणूस जितका उपयोगी पडतो तितका कुठलाही परदेशी तज्ज्ञ पडत नाही. रजिस्टरात रत्नागिरीचं रुटनाघेरी, चिपळूणचं चिपलून, साताऱ्याचं सट्टारा असं काहीतरी दिसेल. इंग्रजी कारकुनाला ळ आणि ण ऐकू यायचा नाही, आणि स्पेलिंगची एकसारखी पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. त्यामुळे मी काय करतो, ते अक्षर मोठ्याने वाचतो, चारपाच वेळा, वेगवेगळ्या चालीत, आणि मग त्या भागातल्या माणसाला फोनवर नुसतं ऐकवतो, दाखवत नाही. दाखवलं की माणूस इंग्रजी अक्षरात अडकतो. ऐकवलं की पटकन म्हणतो, अरे हे तर आमच्या पलीकडचं.

दुसरं म्हणजे जिल्हे-तालुके तेव्हाचे. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, म्हणजे "रत्नागिरी" लिहिलेला माणूस मालवण, देवगडचा असू शकतो. सावंतवाडी वेगळं संस्थान. आणि तालुक्यांची जुनी नावं सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांवरून होती, तर परगण्याच्या रकान्यात अंजनवेलसारखं काही वाचून त्याला गाव समजू नका, चिपळूण-गुहागरचा पट्टा डोक्यात आणा. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर नेटवर फुकट मिळतं, ते एकदा उतरवून घ्या, जुन्या नावांसाठी माझ्या टेबलावर ते कायम उघडं असतं. आणि एक, कित्येक वेळा गावाऐवजी वाडीचं नाव सांगितलेलं असतं, किंवा ज्या बंदरातून मचव्यात बसला त्या बंदराचं. वाडी सरकारी यादीत सापडणार नाही, माणसांनाच विचारावी लागते.

जातीच्या रकान्यावर फार भरवसा ठेवू नका. मराठा लिहिलेलं असेल तर कधी त्याचा अर्थ नुसता मराठी बोलणारा एवढाच असतो, महार माणसाला परवारी म्हणून लिहिलेलं दिसतं, एकाच माणसाची दोन कागदांवर दोन लिहिलेली मी पाहिलीत. तिकडे मराठी लोकांना बोंबाय म्हणायचे, बंदरावरून, जसे तेलुगूंना कोरिंगी. तुमच्या गृहस्थांनी घरात हा शब्द ऐकला असेल तर तेवढाही धागा कामाचा.

त्याहून मोठा धागा म्हणजे देव. त्यांना विचारा की घरात पहिलं गाऱ्हाणं कुठल्या देवाला घालतात, आजी कुठल्या देवीचं नाव घ्यायची. मॉरिशसच्या मराठी घरांत भाषा कमी झाली तरी गणपती आहे, कोकणातला जाखडी नाच आहे, तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कधी कधी एखादं नाव अर्थ न कळता चार पिढ्या टिकलेलं असतं, रवळनाथ, पावणाई, नवलाई असं काहीतरी, उच्चार पार बदललेला. रवळनाथ म्हटलं की आपण दक्षिण कोकणाकडे सरकतो. एकट्या देवाच्या नावावर गाव ठरत नाही, पण तीन गावांपैकी कुठलं असा प्रश्न असला की तेच निर्णायक ठरलेलं मी पाहिलंय.

आता इकडच्या बाजूचे कागद, ते तुम्हालाच करायचंय. राज्य सरकारच्या महाभूमीच्या आपले अभिलेख या पोर्टलवर जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवलेत, थोडी फी भरून पानं मिळतात, सगळे जिल्हे त्यात एकदम आलेले नाहीत म्हणून तुमचा दिसतो का ते आधी बघा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. जन्म-मृत्यूचं गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, यात खूप माल असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्याने अशी जुनी पानं स्कॅन करून आपापल्या वेबसाईटवर टाकली, तुमचा प्रश्न जातीचा नसला तरी ती पानं वाचा, वंशावळ शोधणाऱ्याला इतकं घबाड फुकटात पूर्वी कधी मिळालं नव्हतं. मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका, मोडीत नावं फसवतात.

पण एक स्पष्ट सांगतो, हे कागद १८५० पर्यंत पोचतील ही आशा कमी धरा. कोकणात खोती होती, गाव खोताच्या म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या नावावर, कुळांची नावं खोताच्या घरच्या दप्तरात, ती दप्तरं बऱ्याच ठिकाणी वाळवीने खाल्ली. मग रामजीच्या भावाचे मुलगे-नातू यांची नावं तुम्हाला मिळतील, त्यांच्या मृत्यूच्या नोंदीवरून वयं काढून मागे मोजता येईल, आणि बापाचं नाव गोविंद होतं एवढं एखाद्या जुन्या फेरफारातून निघालं तरी बाजी मारली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी लिहून ठेवणाऱ्या तिथल्या भटजींच्या वह्या विसरू नका. तिथे आडनाव आणि गाव सांगितलं की वही काढतात, आणि घरातलं कुणी १८६० मध्ये जरी गेलं असेल तरी भावांची नावं लिहिलेली असू शकतात. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या पंड्यांच्या वह्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साईटवर स्कॅन आहेत पण आपल्या कोकणी घरांसाठी मी अजूनही स्वतः नाशिकला जायलाच सांगतो.

फॅमिलीसर्चचा विषय निघालाच तर, ती साईट फुकट आहे, खातं उघडा. नुसतं नाव टाकून शोधू नका, कॅटलॉगमध्ये ठिकाणाने शोधा, कारण कितीतरी स्कॅन पानांची अजून नावानिशी सूची झालेली नाही, ती नावाच्या शोधात येतच नाहीत, एकेक पान उलटावं लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टलही फुकट आहे, त्यात मजूर भरतीचा सरकारी पत्रव्यवहार मिळतो, त्यात रामजी सापडणार नाही पण तो का आणि कसा गेला ते कळेल. पैसेवाल्या मोठ्या साईट्सचा ब्रिटिश इंडियाचा माल मुख्यतः गोऱ्या साहेबांचा, त्यांचे बाप्तिस्मे, पेन्शनी. आपल्या माणसासाठी तो कामाचा नाही. डीएनए टेस्टचं म्हणाल तर सहा-सात पिढ्यांपूर्वीच्या भावाचा अंश दोघांत जुळेलच याची खात्री नाही आणि नाही जुळला तर नातं नाही असंही म्हणता येत नाही, तर कागदाचं काम झाल्याशिवाय त्यावर खर्च करू नका.

गावात चौकशीला जाल तेव्हाची एक गोष्ट. तुम्ही वंशावळ, जुना भाऊ, परदेशातले वारस असे शब्द काढलेत की भाऊबंद गप्प होतात. त्यांना वाटतं कुणीतरी जमिनीत हिस्सा मागायला आलं. त्यात त्यांचं चुकत नाही, कोकणात सामाईक सातबाऱ्यावर पन्नास नावं असतात आणि भांडणं पिढ्यान्पिढ्या चाललेली. म्हणून आधी वडीलधाऱ्यांना स्वच्छ सांगा की जमिनीचा विषय नाही, तिकडच्या माणसाला देवाच्या पायरीवर डोकं टेकायचंय. शक्यतो शिमग्यात किंवा गणपतीत जा, मुंबईकर पण आलेले असतात आणि म्हातारी माणसं मोकळी बोलतात.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. रजिस्टरात तुमचा रामजी सापडला आणि त्याच्या नावापुढे १८६७ च्या आसपासची मृत्यूची तारीख निघाली तर त्या वर्षी तिथे मलेरियाची भयंकर साथ होती, हजारो मजूर गेले, कित्येकांच्या मागे कुणी नाही. किंवा "हिंदुस्थानात परत" असं निघेल, साधारण एक तृतीयांश माणसं परत आली होती. परत आला पण घरी पोचला नाही, मुंबईतच गिरणीत-गोदीत राहिला, असं पण झालेलं आहे. तसं निघालं तर ते गृहस्थ तुमचे नाहीत, त्यांचा रामजी वेगळा, आणि ते त्यांना तुम्हीच नीट सांगायचं.

आता लगेच करण्यासारखं एवढंच. त्यांच्याकडून कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, त्यांच्या आजोबांचा जन्मदाखला, आणि नंबर टाकून मोका इथल्या इन्स्टिट्यूटला केलेल्या अर्जाची प्रत मागवा. तुम्ही आजोबांच्या बहिणीकडे जाऊन बसा, फोनवर रेकॉर्ड करा, रामजीच्या बापाचं नाव आपण होऊन सुचवू नका, तिच्या तोंडून येऊ दे. तिकडचा उतारा आला की त्यातलं बापाचं नाव आणि गाव जसं लिहिलंय तसं, एक अक्षर न बदलता मला पाठवा, आणि तुमच्या आत्याआजीने काय सांगितलं ते वेगळ्या कागदावर. मी आधी उतारा वाचेन, मग तुमचा कागद उघडेन.